कवटीवाल्यांची तक्रार

दारात माणसं आली की मागच्या खोलीत जाऊन कडी लावायची, हे कुठलं वागणं? थोरला मुलगा, बेचाळीस वर्षांचा बाप्या, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्टी सोडवतो, आणि स्वतःच्या घरी कुणी आलं तर उंदरासारखा बिळात. मग आईने पुढे होऊन निस्तरायचं. जन्मभर तिनेच निस्तरलं होतं, तेव्हा आज तरी सुटका कशी असणार?

"बसा," आई म्हणाली. "उभ्याने भांडलं की पाय दुखतात."

दोघं बसली. एक ट्रकच्या गॅरेजचा मालक, दुसरी सरकारी दवाखान्यातली नर्स. दोघांच्या अंगात लांब बाह्यांचा काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. गॅरेजवाल्याच्या पोटावर ताणून ताणून त्या कवटीला हसू फुटलं होतं. थोरल्याने तीन मित्रांना घेऊन मागच्या खोलीत हेवी मेटलचा बँड काढला, तेव्हापासून गाणी ऐकायला म्हणून ही मंडळी या घरात येत होती. बावीस वर्षं. आई त्यांना कवटीवाले म्हणायची, आणि त्यांनाही त्याचा अभिमान होता.

"मावशी, तुम्हीच बोला आता त्याच्याशी," गॅरेजवाला म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही तो."

"का? काय घोडं मारलं त्याने तुझं?"

"शुक्रवारी नवी गाणी आली. आठच्या आठ मऊ! ड्रम नाही, ओरडणं नाही. एक गिटार, आणि हा आपला पुटपुटतोय. बावीस वर्षं माना हलवल्या आम्ही, मावशी. मणका सरकला माझा. आणि शेवटी हातात काय, तर अंगाई?" त्याने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत बँडचं नाव गोंदलेलं होतं. "हा हात कुठे ठेवू मी आता?"

"खिशात ठेव."

असं ठणकावलं खरं, पण आतून आई चक्रावून गेली होती. आजवर या दारात तक्रारी आल्या त्या आवाज होतो म्हणून. वरच्या मजल्यावरचे मास्तर तर तीनदा सह्यांचा कागद घेऊन आले होते. "माझ्या घरात माझा मुलगा बोंबलेल नाहीतर भिंती पाडेल, तुम्ही कानात बोळे घाला," असं सांगून तिने त्यांना वाटेला लावलं होतं. आणि मास्तरांची पाठ वळली की थोरल्याला वेगळं ऐकवायचं: "हे गाणं आहे की भांड्यांचं दुकान कोसळलं?" आता आवाज होत नाही म्हणूनही लोक रडत येतात? माणसाला नेमकं हवं तरी काय असतं?

नर्स आता पुढे सरकली. ती म्हणाली, "मावशी, माझा नवरा गेला तेव्हा रडूच येईना मला. सगळे म्हणायचे, रड बाई, मोकळी हो. मी त्यांच्या दुसऱ्या सीडीतलं गाणं लावायचे आणि सोबत ओरडायचे. तुमचा मुलगा ओरडायचा, म्हणून मला ओरडता यायचं. आता तोच गप्प झाला तर मी कुठे जायचं?"

आईने शब्द न् शब्द ऐकला. म्हणजे, पाहिला.

एकतीस वर्षं तिने यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. एका छपराखाली दोनशे माग धडधडत असले की शेजारणीची हाकही पोचत नसे. तिथल्या बाया ओठांवरून बोलत. भांडणं, चहाड्या, पोरींची लग्नं, सगळं ओठांवर ठरायचं. त्यामुळे घरीही ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघे, आणि सगळ्यांना ती कारखान्याची सवय वाटे. कान कधी गेले हे तिलाही नीट कळलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरने मशीन लावायला सांगितलं. "मशिनींनीच नेले कान, आता मशीनच आणून देणार होय?" असं म्हणून ती उठून आली, आणि घरात चकार शब्द काढला नाही. हे घर तिच्या शब्दावर चालत होतं. म्हातारी बहिरी झाली असं एकदा का ठरलं, की तिचा शब्द कोण विचारतो!

"तुम्ही ऐका तर," म्हणत गॅरेजवाल्याने मोबाइल तिच्या हातात कोंबला.

आईने तो कानाला लावला. डोळे मिटले. मान थोडी डोलवली, गुडघ्यावर बोटाने ताल धरला. बेताचा वेळ जाऊ दिला आणि निकाल दिला, "वाईट काय आहे यात? गोड आहे की!"

डोळे उघडले तर गॅरेजवाल्याचा आ वासलेला. "मावशी, अजून लागलंच नाही ते. नेट फिरतंय नुसतं."

"मग हातात कशाला दिलंस? वजन करायला?"

गॅरेजवाला खो खो हसला. नर्स हसली नाही. ती उठून आईच्या अगदी समोर आली, आणि एकेक अक्षर ओठांवर ठेवत सावकाश म्हणाली, "येतो आम्ही, मावशी. काळजी घ्या." दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसं. आईला ती माया चाबकासारखी लागली.

दोघं गेल्यावर तिने मागच्या दारावर मूठ आपटली. थोरल्याने कडी काढली आणि मान खाली घालून पुन्हा गिटार घेऊन बसला.

"तोंड वर करून बोल. काय खूळ भरलंय तुझ्या डोक्यात? चांगली जिवाची माणसं रडवलीस."

"आई, तुझ्यासाठी केलं ते."

"माझ्यासाठी?"

"बावीस वर्षं म्हणतेस, एक तरी गाणं माणसासारखं कर, बसून ऐकता येईल असं. सत्तरी उलटली तुझी. म्हटलं, राहून जायला नको." तो लाजला. या वयात! "बस ना. तुझ्यावरच आहे हे."

त्याने माइक ओठांशी नेला, डोळे मिटले. दाढी आणि माइकच्या मध्ये त्याचं तोंड पार बुडून गेलं. आईने हळूच स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकला. खोकं गार पडलेलं, जराही थरथर नाही.

पूर्वी असं नव्हतं. तिचा पलंग या भिंतीच्या पलीकडेच होता. प्रॅक्टिस सुरू झाली की ती आधी "बंद करा रे!" म्हणून ओरडायची, आणि मग भिंतीला पाठ लावून पडायची. एक गाणं पलंगाच्या पायांतून पोटऱ्यांपर्यंत यायचं. एक बरगड्यांत बसायचं. एका गाण्यात तर तिला तिचे दोनशे माग भेटायचे, आणि ती पंचविशीची होऊन कांड्या भरायची. थोरला आ करून ओरडायचा तेव्हा दारातून त्याचा शब्द न् शब्द दिसायचा. हे त्याला सांगितलं मात्र कधी नव्हतं. पोरांना फार चढवू नये.

त्याचा हात थांबला, तेव्हा तिला कळलं की गाणं संपलं. शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यावर बघायचा तसाच बघत होता.

"कसं वाटलं?"

'छान' म्हणायला काय जात होतं? पण न ऐकता छान म्हणून आज एकदा शोभा झाली होती. आणि तेवढ्यावर भागलंही नसतं. हा तिच्यासाठी अशी आणखी आठ करील. कवटीवाले एकेक करून येणं बंद करतील. मग या खोलीत एक पुटपुटेल आणि एक माना डोलवेल, दोघंही एकमेकांना फसवत.

तिने माइक त्याच्या तोंडासमोरून बाजूला केला, म्हणजे तो काय म्हणतो ते दिसेल. तो बोलायला गेला, तर हातानेच थांबवला.

"कान गेलेत माझे. दहा वर्षं झाली. रडू नकोस, आधी ऐकून घे. गाणं चांगलंच असणार, तू केलंयस म्हणजे. पण माझ्यासाठी केलं असशील, तर चुकलास. तुझी ती बोंबच तेवढी पोचत होती माझ्यापर्यंत."