बोडीच्या पाळीवरून

वाघिणीच्या गळ्यात पट्टा आहे. त्यातलं यंत्र माझ्या संगणकावरच्या नकाशात ठिपके टाकत राहतं आणि मी ते जोडते. वनखात्यात माझं काम तेवढंच. जंगलाचे तुकडे झाल्यापासून जनावरं शेताशेतांतून हिंडतात, कुठून कुठे निघतील याचा नेम नाही. पण ही वाघीण करडी गावाला आमच्या वावरात आली की दर वेळी मोठा गोल वळसा घ्यायची. सपाट, मोकळं वावर. मधोमध माझ्या धाकट्या भावाचं, धम्मदीपचं, नवं घर.

घराला बिचकत असेल, असं वाटलं. मग गोंदिया जिल्हा वेगळा होण्याआधीचा जुना नकाशा ठिपक्यांखाली ठेवला. वाघीण बोडीच्या पाळीवरून, जुन्या बांधावरून, चालत होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं आमचं लहान तळं; कालवा आल्यावर बाबांनी ते बुजवलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. वाघीण जेमतेम तीन वर्षांची.

मी पावलं पाहायला गेले. कोल्हे, रानडुकरं, सगळी त्याच गोलावरून गेलेली. आत एकही पाऊल नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला धम्मदीप बायको-लेकीला घेऊन तिथं राहायला जाणार होता. मी त्याला नकाशा दाखवला.

“आपण वास्तू मानत नाही, अन् तुही वाघीण मानते का, ताई?” तो हसला.

“नोको जाऊ रे. मले भेव लागते.”

“शिकलीसवरली तू, अन् काय बोलून राहिली?”

मला रागच आला. शिकले म्हणूनच तर नकाशा वाचता येतो ना!

पौर्णिमेच्या सकाळी, वंदनेआधी, तो नव्या घराच्या दारात उभा राहिला आणि त्यानं लेकीला हाक मारली. तृप्ती चार वर्षांची. बोडी तिनं पाहिलेली नाही, कुणी तिला त्याबद्दल सांगितलेलंही नाही. माझा हात सोडून ती धावली, पाळ होती तिथं थबकली आणि काठाकाठानं गोल चालू लागली.

“सरळ ये न, बेटा!”

ती रडायला लागली. “बाबा, वर ये न! तू बुडून राहिला!”

धम्मदीप हसला. आम्ही कुणीच हसलो नाही. मग त्याचंही हसू गेलं आणि तो तिच्याकडे निघाला. वैशाखातल्या भेगाळलेल्या जमिनीवरून, लेंगा गुडघ्यांच्या वर धरून, एकेक पाय जड उचलत.