डावा खांदा

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते, आणि ही अर्धी पोचून चालायची नाही. गोष्ट एका खांद्याची आहे. देवानं माणूस शिवला तेव्हा हातात टेप घेतली नव्हती, एवढं ध्यानात ठेवा. बाकीचं मी सांगतो.

एक कटिंग मास्तर होते. मोठमोठ्या फॅशन शोसाठी कपडे करणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचे. कारखाना एका खोलीचा होता, तेव्हापासूनचे. त्या काळी कपडा अंगावर घालून बघायला मॉडेल परवडायची नाही, म्हणून मास्तरांची बायको उभी राहायची. दुपारी डबा घेऊन यायची ती दिवस मावळेपर्यंत टाचण्यांत अडकून पडायची. "डबा द्यायला आले होते, सुळावर चढायला नाही," असं म्हणायची, पण हलायची नाही. पुढे तिच्याच मापाचा पुतळा केला. लाकडी धड, त्यावर कापूस, वरून मांजरपाट ताणून शिवलेलं. कारखान्याचे कापडाचे तागे वाहून वाहून तिचा डावा खांदा बोटभर उतरला होता. मास्तरांनी पुतळ्याचाही तसाच उतरता ठेवला.

मग ती गेली. जुने मालक गेले. तिला पाहिलेलं कारखान्यात कुणी उरलं नाही. पुतळा तेवढा उरला.

त्या पुतळ्यावर बेतलेला प्रत्येक कपडा डावीकडे किंचित कलायचा. जाणकारांना ते भारी आवडलं. त्याला त्यांनी 'झोक' म्हणायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, यात थकव्याचा डौल आहे. कुणी लिहिलं, यात जगाचा ढळलेला तोल आहे. मास्तर वाचायचे आणि मान हलवायचे. खोटं काय होतं त्यात? थकव्याचा डौल होताच तिच्यात.

शोच्या दिवशी मास्तर पडद्याच्या फटीशी उभे राहायचे. रॅम्पवर अंथरलेलं प्लास्टिक शेवटच्या घटकेला सर्रकन ओढून काढायचे, आणि खाली काळी, आरशासारखी चकचकीत फरशी उघडी पडायची. सगळीकडे अंधार. मग एकच ढोल, लांबून आल्यासारखा. उजेडाची एक पट्टी उलगडायची आणि त्यात पहिली मुलगी पाऊल टाकायची. समोर बसलेली शेकडो माणसं श्वास घ्यायची थांबायची. देवळाच्या गाभाऱ्यात दिवा लागल्यावर होतं ना, अगदी तसं. मास्तर मुलींच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. कुठल्या कोण परक्या मुली, पण पाठमोऱ्या झाल्या की ती चालत निघालेली असायची. एकदा रेशमात, एकदा लोकरीत, एकदा नुसत्या धुक्यासारख्या जाळीत. यायची, वळायची, जायची. मग दिवे लागायचे, टाळ्या व्हायच्या, आणि मास्तर घरी जाऊन एका माणसाचा स्वयंपाक करायचे.

एका हंगामात नव्या मालकीणबाई त्यांच्या टेबलाशी आल्या. त्या स्वतःच डिझायनर. कारखान्यात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे.

"मास्तर, या वेळी खांदे सरळ."

"दोन्ही?"

"एक तर आधीपासूनच सरळ आहे की हो!"

पलीकडे काजं करणाऱ्या काकू खो खो हसल्या.

"आपला झोक आता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा टांगलेला असतो," मॅडम म्हणाल्या. "मला कंटाळा आलाय त्याचा. पुतळ्याचा तो खांदा भरून घ्या."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "शेवटचा पोशाख तेवढा असू द्या तसा."

"का?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य मास्तरांनी आजवर कुणापुढे उच्चारलंच नव्हतं, आणि जीभ काही वळेना.

"हाताला सवय झालीय हो."

"मग सवयच मोडू या," मॅडम हसून म्हणाल्या आणि गेल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांना ठाऊकच नव्हतं.

सगळे जेवायला गेल्यावर मास्तरांनी पुतळ्याच्या डाव्या खांद्याची शिवण उसवली. "अगं, जरा श्वास धरून ठेव," असं तोंडातून निघून गेलं.

काकू डबा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. "मास्तर, कुणाशी बोलताय?"

"कापसाशी."

"उत्तर देतो का?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतो."

काकू हसत गेल्या. मास्तरांनी कापूस ठासला, शिवण घातली. खांदा सरळ झाला, आणि समोर एक परकी बाई उभी राहिली.

तिच्यावर त्यांनी सगळे कपडे सरळ बेतले. राहिला शेवटचा, राखाडी रंगाचा लांब कोट. ना भरतकाम, ना चमक. तो बेतायच्या आधी मास्तरांनी शिवण पुन्हा उसवली, कापूस बाहेर काढला. कोट बेतून झाल्यावर कापूस परत ठासून भरला.

शोच्या दिवशी पडद्यामागे मुलींची रांग लागली. ढोल सुरू झाला, पहिली मुलगी उजेडात गेली. मॅडम एकेकीवर शेवटची नजर फिरवत कोटापाशी आल्या आणि त्यांचा हात डाव्या खांद्यावर थबकला.

"मास्तर, हे काय?"

"ती माझी बायको आहे."

"कोण?"

"हा खांदा. म्हणजे, पुतळा तिचा आहे. तागे वाहायची." एवढंच आलं तोंडून.

कोटातली मुलगी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मॅडमनी कापडाची चुणी धरली. टाचणी लावली की खांदा क्षणात सरळ झाला असता. त्यांनी लावलीही. मग काढली आणि स्वतःच्या बाहीला टोचून ठेवली.

"जा," त्या मुलीला म्हणाल्या. "सावकाश चाल."

मुलगी गेली. मास्तर फटीशी उभे राहिले. ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. ढोल थांबला होता, नुसती पावलं वाजत होती. पुढच्या रांगेत कुणी तरी शेजारच्याच्या कानाशी लागलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी छापून आलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. सरळ खांद्यांचं कौतुक होतं, भरभरून. खाली एक ओळ होती: शेवटच्या कोटाचा डावा खांदा मात्र उतरला होता, एवढ्या नामांकित कारखान्याकडून अशी ढिलाई अपेक्षित नव्हती. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी "चूक माझी" एवढंच सांगितलं, असंही छापलं होतं. मास्तरांचा उल्लेख कुठे नव्हता. बायकोचाही नव्हता.

"म्हातारे झालात मास्तर," काकू म्हणाल्या.

"झालो खरा."

काकू काजांकडे वळल्यावर मास्तर पुतळ्यापाशी गेले. डाव्या खांद्यावर अंगठा ठेवून जोरानं दाबला. कापूस दबला, आणि त्याखालचा उतार बोटाला लागला. ती होती तिथे. मग त्यांनी अंगठा उचलला, कापूस फुगून वर आला, आणि मास्तर टेबलाशी जाऊन पुढचं कापड पसरू लागले.

तिचं नाव मलाही कळलं नाही. मास्तर बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. पण देवाला नाव लागत नाही, त्याला खांदा ओळखता येतो. तुम्ही एवढंच करा. कधी घाईत सदरा घातला आणि डावा खांदा घसरला, तर वर ओढण्याआधी क्षणभर थांबा, आणि तागे वाहणाऱ्या त्या बाईची आठवण काढा.