ओलं राहू द्या

स्प्रेच्या तोंडाशी अडकलेला थेंब पडतही नव्हता आणि आत जातही नव्हता... समोरच्या काकू बोलत होत्या, तरी ती त्या थेंबाकडेच बघत होती. पडला तर काउंटरची काच पुसावी लागणार—नाही, लगेच पुसायचं नाही, हेच तर ती सकाळपासून येईल त्याला सांगत होती.

“आधी साबणाच्या पाण्यानं स्वच्छ करून घ्या, काकू. मग हे जंतुनाशक पाण्यात मिसळून लावा. आणि लावलं की लगेच फडकं फिरवू नका, लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ ओलं राहू द्या.”

“ओलं ठेवलं तर सून म्हणेल, सासूला पुसायचासुद्धा कंटाळा!”

“म्हणू दे.”

“बरं, पण ते विषाणू मेले हे कळायचं कसं गं? वास-बीस येतो का?”

“मेले तर कळत नाही, काकू. नाही मेले, तर कळतं.”

काकू हसल्या. आतून, खोक्यांच्या आडून मालक म्हणाले, “बाई, गिऱ्हाइकाला एवढं शिकवू नका हो, बाटली न घेताच डॉक्टर होऊन जायचं!” काकूंनी मात्र दोन बाटल्या घेतल्या. तीही हसली असावी. गाल ताणल्यासारखे वाटले.

उलट्या-जुलाबांची साथ अजून हटत नव्हती, आणि साथीच्या सुरुवातीलाच तिची स्वतःची लेक त्यात सापडली होती. फळीला बांधलेला एवढासा हात, त्यात सलाईनची सुई, सुकून चुण्या पडलेले ओठ, आणि डॉक्टरीणबाईंचं ते मान वर न करता म्हणणं—जरा आधी आणायचं होतं... लेक बरी होऊन घरी आली, पहिल्याच दिवशी तिनं उशीचा घोडा केला, तिची आजी रडली, नवरा तोंड फिरवून खिडकीशी गेला, आणि हिला, आईला, काहीच वाटलं नाही. आतून कुणी फडकं फिरवून गेल्यासारखं. लख्ख. कोरडं. लेकीनं आणलं तरी कुठून असेल? दिवसभर आजारी घरांतली माणसं या काचेवर हात टेकतात, सुटे पैसे माझ्या हातात देतात, आणि त्याच हातांनी मी तिला... ती विचार इथंच सोडून द्यायची, रोज, याच जागी. पण तेव्हापासून लेक धावत आली की ती दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, हात दाखव. मग साबण, मग पाणी, मग पंचा. तोवर लेकीची जवळ यायची हौस ओसरलेली असायची.

दुपारी एक तरुण आला, दाढी वाढलेला, झोप न झालेला. घरात बायको आजारी, तान्हं बाळ. पाळण्याला काय लावू, दाराच्या कडीला काय लावू, तिनं सगळं सांगितलं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, दुसऱ्या कशात मिसळू नका.

“आणि बाळाला? अगदी थोडंसं, पाण्यात—”

“अहो, नाही! हे वस्तूंसाठी आहे. माणसांना साबण-पाणी पुरतं.”

“नक्की पुरतं?”

“पुरतं,” ती म्हणाली, ज्या आवाजात किमती सांगायची त्याच आवाजात. त्यानं मात्र ते ऐकून डोळे मिटले, खांदे खाली सोडले, आणि तिला वाटलं, याला मी दिली ती खात्री माझ्याजवळ होती कुठे?

घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच होत्या, पोटात हसू मावत नव्हतं. “अगं, आज तुझ्या लेकीची गंमत ऐक. भाजीवाला गाजर द्यायला वाकला, तर हिनं घ्यायच्या आधी दोन्ही तळवे पुढं करून दाखवले. तो म्हणतो, ‘आजी, भविष्य बघायचंय का पोरीचं?’ मेली सगळ्यांनाच दाखवत सुटलीय!”

चप्पल काढता काढता ती तशीच उभी राहिली. एक पायात, एक जमिनीवर. सगळ्यांनाच...

हात-तोंड धुऊन ती बाहेर आली तर न्हाणीच्या दाराशी लेक उभी होती. धावत आली नव्हती. शहाण्यासारखी थांबली होती, तळवे वर करून, मान तिरपी करून तपासणीची वाट बघत.

“धुतले,” लेक म्हणाली. कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं, फ्रॉकची कड भिजली होती. “पुसायचेत.”

पंचा हाताशीच होता. ती खाली बसली, इतकी जवळ, की लेक गोंधळून तिच्या तोंडाकडे बघू लागली. मग त्या तळव्यांना जायला दुसरी जागाच नसल्यासारखे ते तिच्या गालांवर टेकले.

गार. केवढे गार...

पाणी हनुवटीवरून मानेत उतरत होतं. तिचा हात सवयीनं पंचाकडे गेला, कडेला लागला, आणि तिथंच राहिला. पुरतं, ती मनात म्हणाली, आणि खरंच पुरतं का ते तिला कळेना. छातीत कुठंतरी, खूप आत, काहीतरी दुखलं—जुनं, ओळखीचं, जे मेलं असं ती धरून चालली होती ते... नाही मेलं, तर कळतं. ती घाबरली. गाल मात्र तिनं ओलेच राहू दिले.