सुबक आकृती

आमच्या ह्यांना विद्यापीठात सगळे ‘वाकडे सर’ म्हणतात. स्वभावावरून म्हणत असते तर माझी काही हरकत नव्हती, पण कारण वेगळं आहे. भूमितीच्या तासाला कुणी फळ्यावर सुबक त्रिकोण काढला की हे तो पुसायला लावतात. "वाकडा काढ. सुबक आकृती खोटं बोलते. दिलेलं नसतं तेही दाखवते."

घरी मात्र ह्यांची एक लाडकी आकृती होती, चार त्रिकोणांनी बंद झालेली, तंबूसारखी. तिच्यातला एक खास बिंदू नेहमी आतच पडतो, ह्यावर ह्यांची सगळी सिद्धता उभी होती. आमची लेक शाळेत होती तेव्हा सुरू झालेलं हे काम. आता तिची पोरगी शाळेत जाते. आकृती दरवर्षी जास्तच देखणी होत गेली. मीच तिची एक प्रत फ्रिजवर चिकटवली होती. निवृत्त होण्याआधी, त्या आठवड्याच्या शुक्रवारी, हे ती सिद्धता सगळ्या विभागासमोर मांडणार होते.

मंगळवारी दुपारी ह्यांची शेवटची विद्यार्थिनी घरी आली. हे बाहेर गेले होते. तिने पाण्याला हातही लावला नाही. फ्रिजकडे बघत म्हणाली, "काकू, तो बिंदू बाहेर पडतो. आकृती फार तिरकी केली की पडतो. मी पुन्हापुन्हा तपासलं."

"मग?"

"मग सरांची सिद्धता उरत नाही."

मला आधी तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू? "आणि तुझा प्रबंध?"

"तोही त्यावरच आहे. तुम्ही सांगाल का सरांना?"

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बस इथे. आले की तूच सांग."

हे आले. तिने कागदावर आकृती काढून दाखवली. ह्यांनी चष्मा पुसला, पट्टी मागितली, स्वतः रेघा ओढून पाहिल्या. मी चहा आणून ठेवला. चहावर साय धरली.

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले. "मी एकदाही इतकी तिरकी काढली नाही. छान दिसायची ना." मग म्हणाले, "शुक्रवारी तू मांड. बिंदू कधी आत, कधी बाहेर, हाच आता तुझा प्रबंध."

"सर, तुमच्यासमोर मी कशी..."

"समोरच बसेन मी."

ती गेल्यावर ह्यांनी फ्रिजवरचा कागद अलगद काढला आणि चहा गरम करून मागितला. मी गॅसपाशी उभी राहून रडून घेतलं.

शुक्रवारी वर्ग गच्च भरला होता. हे पहिल्या बाकावर, शेजारी मी. ती विद्यार्थिनी खडू घेऊन फळ्यापाशी गेली. ह्यांची लाज राखायला म्हणून तिने आकृती जेमतेम तिरकी काढली. बिंदू कडेला चिकटलेला, आत की बाहेर ते कळेना.

हे उठले. "पोरी, वाकडी काढ. मागच्या बाकापर्यंत दिसू दे."

तिने पुसून पुन्हा काढली. बिंदू लांब बाहेर जाऊन पडला. ह्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्याकडे कागद मागितला आणि मान खाली घालून ती आकृती उतरवून घेतली.

दिसायला अगदी भिकार आहे. मी ती फ्रिजवर चिकटवली आहे.