कातडीवर लिहिणारं पेन

मी एक पेन बोलतोय, पण कागदाशी माझी फारशी ओळख नाही. माझी जांभळी शाई माणसाच्या कातडीसाठी. कारखान्यातून मी थेट ॲलर्जी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आलो. त्या माझ्या टोकाने रुग्णाच्या हातावर वर्तुळं काढतात, प्रत्येकात एकेका औषधाचा थेंब टोचतात आणि वाट बघतात. कुठलं फुगेल? मला भारी उत्सुकता असते.

एकदा शाळेची बस चालवणाऱ्या बाई आल्या, सोबत धाकटी बहीण. औषधाच्या ॲलर्जीच्या भीतीने बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं.

"ताईला कुठलंच अँटिबायोटिक नको!" धाकटीने आल्याआल्या बजावलं. "लहानपणी पेनिसिलिनने अंगभर गांधी उठल्या. मोठेपणी दातासाठी अमॉक्सिसिलिन घेतलं, तर घसा सुजून श्वास कोंडला. नाव तर वेगळं होतं!"

"नाव वेगळं, घराणं तेच," डॉक्टर म्हणाल्या. "त्या सख्ख्या बहिणी. जंतुसंसर्ग टाळायला ऑपरेशनआधी द्यायचं सेफाझोलिन मात्र दूरच्या नात्यातलं. शरीर बहुधा औषधाचा एखादा तुकडा ओळखून चिडतं. सेफाझोलिनमधला तो तुकडा अगदी निराळा आहे, म्हणून ते बहुतेकांना चालतं. तुम्हाला चालेल का, ते तपासूनच सांगेन."

"सख्ख्यांचं तरी कुठे जमतं?" ताई हसल्या. "मी मुकी, ही रेडिओ."

मी वर्तुळं काढली. थोड्या वेळाने पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनची जागा डास चावल्यासारखी फुगली. सेफाझोलिनची सपाट! कातडीखाली थेंबभर सोडलं, तरी सपाटच.

मग सेफाझोलिनचं इंजेक्शन, आधी जरासं. त्रास झालाच, तर जीव वाचवणारं औषध हाताशी तयार. तेवढ्यात ताई खोकल्या. धाकटी पांढरीफटक पडली. डॉक्टरांनी नाडी धरली, छाती तपासली.

"अगं, पाण्याचा ठसका लागला," ताई म्हणाल्या.

बाकीचं औषधही सुखरूप गेलं. धाकटी ताईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

"हे एक चालतं," डॉक्टरांनी समजावलं. "बाकीच्यांची हमी नाही. नवं औषध दिलं, की घराणं विचारायचं."

ऑपरेशन पार पडलं. ताई पुन्हा बस चालवू लागल्याचं धाकटीनेच फोनवर सांगितलं, बराच वेळ.

माझी शाई आता संपत आलीये. तुम्हाला एवढंच सांगतो: "मला औषध चालत नाही" इतकंच म्हणून थांबू नका. कोणतं, तेव्हा काय झालं, ते डॉक्टरांना सांगा; घरी मात्र प्रयोग करू नका.

आज एका आजोबांच्या हातावर वर्तुळ अर्धंच उमटलं. डॉक्टरीणबाईंनी मला कचऱ्याच्या डब्यावर धरलंय. बाई, जरा थांबा ना. त्या अर्ध्या वर्तुळात काय उठतं, तेवढं बघू द्या.