बिजलीवरच्या अक्षता

जुईलीच्या बाबाले कॉलेजात आणणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. माणूस अकोल्याचा, म्हणजे अमरावतीपासून काही सातासमुद्रापार नाही, पण धंदा भिक्षुकीचा. आमचा टेक-फेस्ट दरवर्षी ऐन लग्नसराईत येते, अन् लग्नसराईत गुरुजी सापडणं म्हणजे मे महिन्यात कूलरवाला सापडणं. पहिल्या वर्षी त्याइले लग्न होतं. दुसऱ्या वर्षी लग्नबी होतं अन् वास्तुशांतबी. जुईली फोन ठेवायची, "जाऊ दे" म्हणायची, अन् मंग दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसायची.

मी नगमा, परतवाड्याची. जुईलीची रूममेट अन् रोबो-रेसमधली पार्टनर. तिचं खेकसणं ऐकायचा पहिला मान माझा. माझंबी डोकं काही थंड नाही, म्हणून आमचं जमते.

औंदा मीच तिले म्हटलं, "अवं येडे, बाबाले पाहाले नको बोलावू, कामाले बोलाव. काम म्हटलं की ते नाही म्हणत नाहीत."

तिनं पोट्ट्याइच्या कमिटीत गोष्ट काढली. दरवर्षी कोणी तरी पाहुणा येते, समई लावते, अर्धा तास भाषण झोडते. त्यापेक्षा दसऱ्याले जशी अवजारं पूजतात तशी सगळ्या रोबोटाइची यंत्रपूजा करू. कमिटीले आवडलं. भाषण गेलं अन् प्रसाद आला, कोणाले नको? गुरुजी अकोल्याहून येतीन, एवढंच तिनं सांगतलं. आपले बाबा आहेत हे काही बोलली नाही.

आले बाबा. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, हातात पूजेची पिशवी. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाले, "जुई, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न आहे बरं का. दुपारच्या गाडीनं निघतो."

"आमचा नंबर सकाळीच आहे बाबा. पाहून जा."

"हो हो, पाहतो ना."

तिचा चेहरा असा फुलला म्हणता! मले मनातल्या मनात भीतीच वाटली. आता एकच होतं, बिजलीनं सकाळी नीट पळावं.

बिजली म्हणजे आमची गाडी. टिफिनच्या डब्याएवढी. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी चिकटवलेली असते. गाडीनं स्वतःच ती पट्टी ओळखायची अन् वळणं घेत शेवटापर्यंत जायचं. रिमोट नाही, अन् एकदा सोडली की हात लावायचा नाही. तिच्या गिअरवर झाकण होतं, पण फिरते दात दिसले म्हणजे लोकाइले मजा येते, म्हणून ते मीच काढून ठेवलं होतं. हौसेले मोल नाही म्हणतात ना.

पूजा मोठी थाटाची झाली. सगळे रोबोट एका ओळीत मांडले होते. गुरुजी एकेकाले गंध लावत, फूल ठेवत, दोन दाणे अक्षता टाकत पुढं सरकत होते. "नाव काय यांचं?" असं प्रत्येकाच्या पोट्ट्याले विचारत अन् ते नाव मंत्रात घेत. बिजलीपाशी आले अन् थांबले. नाव विचारलं नाही. फोनवर हजार वेळा ऐकलं असन. पिशवीतून ओंजळभर अक्षता घेतल्या, डोळे मिटले, अन् सावकाश सगळा मंत्र म्हणून ती आख्खी ओंजळ तिच्यावर रिकामी केली. जुईलीचे कान लाल झाले. मलेबी आतून भरून आलं. आमच्या घरी दादी सफरले निघणाऱ्याच्या दंडावर सलामतीचं नाणं, इमाम जामिन, बांधते, तसंच वाटलं.

मंग रेस. रेसचा प्रमुख आमच्याच कॉलेजचा, शेवटच्या वर्षाचा गौरांग. नियमाचा एवढा पक्का की मागच्या वर्षी त्यानं स्वतःच्या रूममेटले बाद केलं होतं. आमचा नंबर आला. जुईलीनं बटण दाबलं. बिजली निघाली, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, कर्रर्र असा आवाज केला, अन् एका चाकावर गोल गोल फिरायले लागली. गौरांगची शिट्टी वाजली. अडलेली गाडी शेवटच्या नंबरावर जाते. शेवटचा नंबर म्हणजे जेवणानंतर. अन् बाबा दुपारच्या गाडीनं जाणार.

मी बिजली उलटी धरून पाहिली तं गिअरच्या दातात लाल लाल तांदूळ! जुईलीनंबी पाहिलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या. आता ही बोंबलते, मी समजलो... नाही, समजले. एवढी घाबरले होते मी की स्वतःलेच पोट्टा करून बसले. तेवढ्यात तिचे बाबा धोतर सावरत आमच्यावर वाकले.

"काय झालं गं?"

मले दुसरं काही सुचलं नाही. नखानं दाणे उकरले अन् सरळ तोंडात टाकले.

"कचरा होता काका."

त्याइनं माझ्याकडं पाहिलं. "बेटा, थुंक ते. कच्चे तांदूळ आहेत, पोट दुखेल. ओठसुद्धा लाल झालेत तुझे."

मी थुंकले. काय करणार?

"माझ्याच हातचे ना?" त्याइनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"काका, चूक माझी. झाकण मी काढलं होतं."

ते उठले. गौरांगपाशी गेले अन् त्या एवढ्याशा पोट्ट्यापुढं हात जोडले. "बाळा, गाडी माझ्यामुळं अडली. मला निघायचं आहे. पोरींना आत्ताच एकदा सोडू दे."

गौरांगचं तोंड पाहण्यासारखं झालं. बिचारा शिट्टी हातातून खिशात अन् खिशातून हातात करून राहिला. तो 'हो' म्हणणार तेवढ्यात जुईली कडाडली, "नाही! नियम सगळ्याइले सारखा. आमी दुपारीच पळवू." अन् बाबाकडं वळली. "तुमाले पूजेसाठी नव्हतं बोलावलं मी. पूजा निमित्त होती. तुमी माह्याकडं एकदा यावं, मी काय करते ते पाहावं, एवढंच पाहिजे होतं. जा तुमी. मुहूर्त चुकन."

 बाबानं पिशवी उचलली अन् गेटाकडं चालू लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे वा रे बाप! लोकाच्या पोरींचे मुहूर्त सांभाळता अन् स्वतःची पोरगी डोळे पुसून राहिली ते दिसत नाही? त्याइचं उपरणं खुर्चीवर राहिलं होतं. ते घेतलं अन् तावातावात मागं धावले. दोन शब्द सुनवायचेच ठरवलं होतं.

सायकल स्टँडपाशी ते फोनवर होते. त्याइची पाठ माझ्याकडं होती.

"बापूसाहेब, मी बोलतो... हो, मीच. आजचं लग्न तुम्ही लावाल का?"

बापूसाहेब त्याइचे थोरले चुलतभाऊ. तेबी भिक्षुकीच करतात. दोघाइची एका यजमानावरून जुंपली होती तेव्हापासून बोलणं बंद होतं, समोरासमोर आले तरी रस्ता बदलत. हे मले जुईलीनंच सांगतलं होतं.

"नाही, तब्येत उत्तम आहे... तुमचा राग रास्त आहे, दादा. मी घरी येतो उद्या, काय बोलायचं ते बोला. पण आज एवढं करा. लेकीपाशी थांबायचं आहे मला."

फोन ठेवून ते वळले तं समोर मी, हातात उपरणं. दोन शब्द कुठं गेले कोणास ठाऊक. त्याइनं उपरण्यानं घाम पुसला, डोळेबी पुसले अन् म्हणाले, "तिला सांगू नकोस. आधी ते झाकण लाव."

झाकण लावलं. गाडी दोनदा पळवून पाहिली. जुईली मान खाली घालून स्क्रू पिळत होती. तेवढ्यात गुरुजी हातात गिल्या वड्याची प्लेट घेऊन आले, दही धोतरावर सांडू नये म्हणून हात लांब धरलेला.

"खा आधी दोघी."

जुईलीच्या हातातून पेचकस पडला. "बाबा, तुमची गाडी?"

"गेली."

"अन् लग्न?"

"लागेल. बापूसाहेब गेले आहेत."

"तुमी बोललात त्याइच्याशी?"

"बोललो. तू खा."

तिनं वडा तोंडात घातला अन् तिले रडू आलं. वडाबी खाऊन राहिली अन् रडूनबी राहिली. माय वो, काय अवतार होता तो!

दुपारी आमचा नंबर लागला. मी सोडायच्या रेषेपाशी, जुईली पलीकडं शेवटाच्या रेषेपाशी, अन् काका दोरीले टेकून मधात उभे. बिजली निघाली. पहिलं वळण, दुसरं, मंग ते अवघड तिसरं, जिथं अर्ध्या गाड्या भरकटल्या होत्या. निघाली पट्ठी! मी ओरडले, टाळ्या पडल्या. पाहते तं काकाचं तोंड भलतीकडंच.

"काका, इकडं! गाडी इकडं पळून राहिली!"

"पळू दे," ते म्हणाले. "त्यातलं मला काय कळतं? मी जुईलाच पाहायला थांबलो आहे."

जुईलीनं ते ऐकलं. तिनं गाडीवरची नजर काढली अन् दोरीपल्याड बाबाकडं पाहत राहिली. शिट्टी वाजली, लोक ओरडले, बिजली तिच्या पायाले येऊन धडकली तरी तिले पत्ता नाही. कितवा नंबर आला ते मलेच जाऊन गौरांगले विचारा लागलं.