जिद्द, दहापैकी दोन

मी बाक बोलतो आहे. पेठेतल्या एका शाळेच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या मागच्या रिंगच्या उजवीकडे, एका पायाखाली वीट घेऊन उभा असलेला लाकडी बाक. माणसे पारखण्याचा मला सतरा वर्षांचा अनुभव आहे. मी ज्या बाजूने पारख करतो, त्या बाजूसाठी निवड समितीच्या तक्त्यात रकाना नाही, हे आधीच मान्य करतो. परंतु माणूस तोंडाने जितके खोटे बोलू शकतो, तितके त्याला बसण्यातून बोलता येत नाही, एवढे माझे नम्र प्रतिपादन आहे.

माझा जन्म भवानी पेठेत, लाकूडबाजारामागच्या रहीमचाचांच्या कारखान्यात झाला. मी आंब्याच्या लाकडाचा. ज्या ठेकेदाराने मला शाळेला पुरवले, त्याने मला सागवानी ठरवले.

"आंब्याचा आहे, तर आंब्याचाच सांगा की," रहीमचाचा रंधा न थांबवता म्हणाले होते.

"चाचा, शाळेत कुणाला कळतंय?"

खरोखरच कोणाला कळले नाही. गुणवत्तेच्या मूल्यमापनाशी माझा आलेला हा पहिला संबंध होय.

पहिली आठ वर्षे मी एका वर्गात तिसऱ्या रांगेत काढली. पहिल्या बाकावर हुशार मुले बसतात असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या निरीक्षणानुसार तिथे चष्म्याचा नंबर असलेली मुले बसतात. पुढे एका मोकळ्या तासाला तीन विद्यार्थ्यांनी माझ्यावर एकाच वेळी उडी मारली आणि माझी पाठीची फळी निखळली. पाठ नसलेल्याला वर्गात स्थान नसते. शिपायांनी मला उचलून बास्केटबॉलच्या मैदानाकडेला आणून ठेवले. गेली नऊ वर्षे मी क्रीडाक्षेत्रात आहे.

मैदानावर माझ्यावर प्रामुख्याने राखीव खेळाडू बसतात. त्यांचे दोन प्रकार मला आढळले. काही जण सगळा भार टाकून बसतात. आज खेळावे लागणार नाही याचे समाधान त्यांच्या मांड्यांतून माझ्यापर्यंत पोहोचते. इतर जण कडेच्या तीन बोटे जागेवर टेकतात आणि टाचा नाचवत राहतात. माझी पुढची कड गुळगुळीत झाली आहे, ती त्यांनी केली. पालकांचा प्रकार वेगळा. ते माझ्यावर पिशव्या बसवतात आणि स्वतः रेषेवर उभे राहून ओरडतात.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी सकाळी इथे चौदा वर्षांखालील मुलींच्या संघाची निवड होते. जागा बारा. निवड करतात श्रीनिवास सर. त्यांच्या तक्त्यात सहा रकाने आहेत: उंची, उडी, धाव, नेम, चेंडूवरचा ताबा आणि जिद्द. प्रत्येकी दहा गुण. पहिल्या पाचांसाठी त्यांच्याकडे टेप, घड्याळ आणि शिट्टी आहे. सहाव्यासाठी त्यांच्याकडे एक गुप्त कसोटी होती.

कसोटी अशी. शेवटी सर शिट्टी वाजवून जाहीर करायचे, "चाचणी संपली. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं. ज्यांना अजून खेळावंसं वाटतं त्यांनी थांबायला हरकत नाही." मग ते पाठ फिरवून चहा घ्यायचे आणि कोण थांबले ते चष्म्याच्या कडेतून टिपायचे. थांबलेलीला जिद्दीचे दहा, गेलेलीला दोन. ही कसोटी आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, अशी सरांची नऊ वर्षे प्रामाणिक समजूत होती.

ती सर्वांना ठाऊक होती. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तिची वेळसुद्धा असायची. गुप्त कसोटीसाठी वेगळा डबा येई, साधारणपणे उपमा. तो माझ्यावरच ठेवला जात असल्याने हे विधान मी पूर्ण खात्रीने करतो.

यंदा सव्वीस मुली आल्या. त्यांतल्या मंतशाला कसोटी ठाऊक नव्हती, कारण ती त्या गटातल्या कोणाचीच नव्हती. तिचे वडील एजाजभाई मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. गुलटेकडीच्या एका मोकळ्या मैदानावर ती मुलांबरोबर खेळत आली आहे. तिथे मुलींचा संघ नाही आणि मुलेही आता तिला घेताना कां-कूं करू लागली आहेत. चौदा वर्षांखालचे हे तिचे शेवटचे वर्ष. निवड झाली तर तिला आयुष्यात पहिल्यांदा संघ मिळणार होता. नाही झाली तर ती आणि चेंडू, दोघेच. हे मला कसे कळले? सकाळी बूट घालताना ती हे वडिलांशी बोलत होती. कडेच्या तीन बोटे जागेवर बसून.

चाचणीत तिची जोडी ओवीशी लागली. ओवी म्हणजे आमच्याकडची नामांकित मुलगी. चेंडूसाठी जमिनीवर झोकून देते, हुकली की स्वतःलाच ओरडते. समोरासमोरच्या डावात ओवीने मंतशाला पाच-चार असे हरवले. पाचवा गुण होताना ओवीचा पाय रेषेवर पडला होता, असे मंतशाचे मत पडले.

"पाय रेषेवर होता."

"नव्हता गं. सरांना विचार."

"सर तर चहावाल्याकडे बघत होते!"

याबाबत मी तटस्थ आहे. सर चहावाल्याकडे बघत होते, एवढे मात्र खरे.

थोड्या वेळाने सरांची शिट्टी वाजली. चाचणी संपल्याची घोषणा झाली. सगळ्या मुली जागच्या जागी थांबल्या. मंतशाने हात वर केला.

"सर, खरंच संपली?"

"संपली म्हणून सांगितलं ना?"

"थँक यू, सर." तिने पिशवी उचलली.

सरांच्या शेजारी उत्कर्षा तक्ता घेऊन उभी होती. ती शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर अभ्यास करते आणि 'असे दिसते' जोडल्याशिवाय पाऊस पडतोय असेही म्हणत नाही. सर हळूच म्हणाले, "लिहून घे. तेवीस नंबर, जिद्द, दोन. हात चांगला आहे पोरीचा, पण आतून काही नाही." उत्कर्षाने दोन लिहिले. त्या दोनाने मंतशा नवव्या क्रमांकावरून तेराव्यावर गेली.

मंतशा मात्र फाटकाकडे गेली नाही. ती सरळ ओवीकडे गेली.

"चल, मागच्या रिंगवर. अकराचा डाव."

"वेडी आहेस का? आत्ता थांबायचं असतं."

"कशाला? सर म्हणाले संपलंय."

"अगं, ते तसं म्हणतातच. आईने सांगितलंय, हलायचं नाही."

"बरं, नको येऊस. मीही नसते आले. रेषेवर पाय देऊन जिंकल्यावर कोण येईल?"

ओवीच्या चेहऱ्यावर जे घडले, त्याचे वर्णन मी जपून करतो. पाच सेकंद तिच्यात आईची आज्ञा आणि तो पाय यांचा सामना चालला. पाय जिंकला.

"ओवीऽ! कुठे निघालीस?" रेषेवरून तिच्या आईचा आवाज आला. "ओवी, तुला काय सांगितलं होतं मी?"

दोघी माझ्यासमोर येऊन खेळू लागल्या. फाटकातून एजाजभाईंनी हाक दिली, "चल बेटा, गाडी भरायचीये, लोक थांबलेत."

"अब्बा, पाच मिनिटं!"

"मघाशी पण पाचच म्हणालीस."

"ती पाच चाचणीची होती. ही माझी!"

एजाजभाई टेम्पोकडे न जाता आत आले. त्यांनी माझ्यावरचा उपमा अदबीने बाजूला सरकवला आणि बसले. कडेवर, तीन बोटे. काही गोष्टी घरातूनच येत असाव्यात.

आता दोन्ही दृश्ये एकाच वेळी पाहणारा तिथे मी एकटाच होतो. पुढच्या रिंगवर चोवीस मुली थांबल्या होत्या. त्या हळूहळू चेंडू फेकत होत्या, घड्याळ पाहत होत्या. त्यांतल्या एकीलाही जिंकायचे नव्हते, सगळ्यांना फक्त थांबायचे होते. मागच्या रिंगवर दोघींचे खांदे एकमेकींवर आपटत होते. दर गुणाला भांडण होत होते. मंतशा एक-चार अशी मागे पडली, तेव्हा तिने केसांचा रबर काढून पुन्हा आवळून बांधला आणि सलग तीन गुण केले. पाहणारे एजाजभाई आणि मी, एवढेच. गुण देणारे तर मुळीच नव्हते.

हे प्रथम उत्कर्षाच्या लक्षात आले. ती तक्ता घेऊन सरांजवळ गेली.

"सर, आपण एका निरीक्षणाकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं."

"चहा घे आधी."

"सर, तेवीस नंबर घरी गेलेली दिसत नाही."

"थांबली पण नाही ना? नियम म्हणजे नियम. ही कसोटी मी नऊ वर्षं वापरतोय, उत्कर्षा. मूल उघडं पडतं यात."

उत्कर्षाने तक्त्यानेच माझ्याकडे खूण केली. "सर, त्या बाकावर पंचवीस डबे आहेत. दुपारच्या खाण्याचे असते तर इतक्या सकाळी उघडले नसते. मला वाटतं, ही कसोटी गुप्त राहिलेली नाही. बहुधा बऱ्याच वर्षांपासून."

सर माझ्याकडे आले. त्यांनी डबे पाहिले. मग ओवीच्या आईकडे पाहिले. तिने तत्काळ आकाशाकडे पाहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सर, अहो, आता सगळ्यांनाच..." ती थांबली. "पण तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून कुणी बोललं नाही."

सर मटकन बसले. त्या वेळचा त्यांचा भार मी सहसा विसरणार नाही. एखाद्या माणसाची नऊ वर्षे एकदम अंगावर यावीत, तसा तो होता. विटेने 'कट्' असा आवाज केला. मी उभा राहिलो.

 मग ओवीने मंतशाचा दंड धरला, तेव्हा सवयीने सरांनी शिट्टी वाजवली. "फाउल!"

दोघी एकदम वळल्या. "सर, चाचणी संपलीये. आमचं आम्ही बघतो!"

एजाजभाईंनी हसू दाबले. ते मला कळले, कारण मी हललो.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली आणि तक्ता मांडीवर घेतला. "त्या दोघींना दहा देऊ का?"

"तसं केलं तर आपण न सांगितलेल्या कसोटीचे गुण पुन्हा एकदा दिल्यासारखं होईल, सर," उत्कर्षा म्हणाली.

"मग?"

"आपल्याला मोजता आलेलं नाही. तसं मान्य करावं, असं मला वाटतं."

सरांनी पट्टी लावून जिद्दीचा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला, सव्वीसही जणींचा. खाली सही केली आणि नव्याने बेरजा केल्या. मंतशा नववी आली. बाराव्या क्रमांकाची एक मुलगी तेरावी झाली. नंतर ती माझ्यावर बसून बराच वेळ रडली. ती आईने खूण केली म्हणून थांबली होती, आणि थांबणे हा काही गुन्हा नव्हता. हेही नोंदवणे आवश्यक आहे. न्याय झाला म्हणजे सगळ्यांचे बरे झाले, असे मी म्हणणार नाही.

यादी घेऊन सर उठले. "मंतशा, ओवी, इकडे या. निकाल आहे."

"सर, थांबा," मंतशा चेंडूवरची नजर न काढता म्हणाली. "नऊ-नऊ आहे."

"अगं, तुझं नाव—"

"सर, प्लीज!" ही ओवी होती.

सर थांबले. यादीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि ते पुन्हा बसले. या वेळी पुढे सरकून, कडेवर. एका बाजूला एजाजभाई, दुसऱ्या बाजूला उत्कर्षा. तिघांच्याही टाचा नाचत होत्या.

माझी सद्यःस्थिती थोडक्यात सांगतो. डाव्या पायात वाळवीने प्रवेश केला आहे. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या सामानाबरोबर मला मोडीत काढण्याचे ठरते आहे, असे शिपाई आपसात बोलत होते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आंब्याच्या लाकडाने सागवानाच्या नावावर इतकी वर्षे काढली, हे पुष्कळ झाले.

आपण मुले निवडणारे असाल, तर त्याआधी एकदा येऊन माझ्यावर बसा. जरा जपून, उजव्या बाजूला. समोर दोन मुली खेळत असतील. त्यांच्याविषयी आपण काय ठरवले आहे ते त्यांना सांगायची घाई करू नका. दहा-दहा झाले आहेत आणि चेंडू अजून हवेत आहे.